ज्याचं नाव घ्यायचं नाही

रायपूरला बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर आमच्या सोसायटीतल्या तिघांनी मला विचारलं. तलाव आहेत, जुनी देवळं आहेत, आणि शहराबाहेर सरकारने एक नवंच रायपूर वसवलंय. तिथले रुंद, गुळगुळीत रस्ते बघून आपल्या मिरजेच्या माणसाला रडू येईल. मी यातलं काहीच धड पाहिलं नाही. चार दिवसांतले दोन भनपुरीतल्या एका घरात, एका खाटेपाशी गेले. तरी ज्यांना तिकडे जायचा योग आला नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

आधी जायचं कारण. माझ्या छातीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि विचारलं, "त्याआधी काही कामं उरकायची आहेत का?" त्यांना बहुधा लाइट बिल, घराच्या किल्ल्या वगैरे म्हणायचं असावं. मी बासष्ट वर्षांचा, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. किल्ल्या द्यायच्या तरी कुणाला? पण उरकायचं एक काम होतं, आणि ते सत्तावीस वर्षं तुंबलेलं होतं.

तरुणपणी मी आठ वर्षं रायपूरजवळ सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. तिथे माल वाहणाऱ्या बेल्टच्या पॅनेलवर माझ्याच वयाचा एक ऑपरेटर होता, भनपुरीचा. आमचं फार जमायचं. छत्तीसगडात एक रीत आहे, आपल्याकडे तिला जोड नाही. दोन माणसांचं सूत जुळलं की देवासमोर, चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने नारळ बदलून ते 'मितान' होतात. जगन्नाथपुरीहून आणलेला सुका प्रसाद मध्ये ठेवून मितान झाले, तर ते एकमेकांचे 'महाप्रसाद'. तोंडी उच्चार 'महापरसाद'. मग सख्ख्या भावापेक्षा पक्कं नातं. त्याच्या घरी सुतक तर तुम्हालाही सुतक. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की त्या दिवसापासून मरेपर्यंत एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'महापरसाद' म्हणून, दुसऱ्याशी बोलतानाही तसंच म्हणायचं.

मी देवाधर्माचा माणूस कधीच नव्हतो. बायको पूजा करायची, मी प्रसाद खायचो, अशी आमच्या घरात कामाची वाटणी होती. आम्ही दोघं असे महाप्रसाद झालो तेव्हाही मला ती गंमतच वाटली होती. त्याला ती गंमत वाटली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवलं तर मी सारवासारव करायला लागेन. बेल्टवर दुरुस्ती चालली होती. पॅनेल बंद होतं आणि त्यावर 'माणूस काम करत आहे' अशी पाटी टांगलेली होती. उत्पादन अडलं म्हणून वरून माझ्या नावाने शंख चालला होता. मी फोन करून महाप्रसादला बेल्ट चालू करायला सांगितलं. त्याने विचारलं, "आदमी हट गया?" मी हो म्हणालो. मी बघितलं नव्हतं. ठेकेदाराच्या एका फिटरची तीन बोटं गेली.

चौकशीत मी लिहून दिलं की ऑपरेटरने माझ्या परवानगीशिवाय बेल्ट चालू केला. लिहिताना त्याचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. मग साहेबांनी त्याला विचारलं, "तुला कोणी सांगितलं? नाव सांग." मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "नाम मैं नहीं ले सकता साहब." साहेब बाहेरचे होते, त्यांना वाटलं हा बनेलपणा करतोय. त्याची नोकरी गेली. पुढे चार महिन्यांत मी दुसरी नोकरी शोधून मिरजेला आलो आणि त्या गावाकडे पाठ फिरवली.

तर मला जाऊन त्याची क्षमा मागायची होती आणि एक गोष्ट ऐकायची होती. मला बघून तो 'महापरसाद' म्हणाला तर काहीतरी उरलंय. नुसतं आडनावाने 'शिंत्रे' म्हणाला तर संपलं. दोन्हींपैकी काय ते कानांनी ऐकून मगच छाती उघडायला टेबलावर झोपायचं, असं मी ठरवलं.

पुरानी बस्ती

उतरलो डोंगऱ्यांकडे. सुधाकरराव डोंगरे मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेतून निवृत्त होऊन रायपूरलाच राहिलेले. त्या काळी मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. आता ते पंच्याहत्तरीला आलेत, पण स्टेशनवर न्यायला स्वतः आले होते आणि माझी बॅग ओढून घेताना माझ्याशी झटापटही केली.

"काहून इतके वाळले बाप्पा तुम्ही?" त्यांनी रिक्षातच सुरुवात केली. "वहिनी गेल्या तं कळवलं बी नाही आम्हाले. आम्ही काय परके होऊन गेलो का?"

मी ऑपरेशनचं सांगितलं. त्यावर त्यांनी रिक्षावाल्याला उगाचच दटावलं, "धीरे चलाओ भैया, पेशंट है."

घरी त्यांची नात चहाचं विचारायला आली. "दादाजी, अंकल शक्कर लेते हैं क्या?"

"ए पोट्टी, मराठीत बोल नं. पाहुणे मिरजेहून आले."

"समझती तो हूँ ना सब," असं म्हणून ती हसत आत गेली. डोंगऱ्यांनी माझ्याकडे बघून हात उडवले. जेवायला गोळाभात होता, म्हणजे डाळीच्या पिठाचे गोळे घालून शिजवलेला भात, वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, आणि सोबत छत्तीसगडी लाल भाजी. डॉक्टरांनी तेल बंद केलंय असं मी म्हणालो, तर डोंगरेवहिनी म्हणाल्या, "डॉक्टर मिरजेत आहे, तुम्ही इथं आहात." मी ताट पुढे केलं.

फागुन, म्हणजे आपला फाल्गुन, लागला होता. अंगणातल्या शेवग्याला शेंगा लोंबत होत्या, त्याला इकडे मुनगा म्हणतात. दुपार तापायला लागली होती. मी निघण्याआधी फोनवर विचारलं होतं, त्यावरून डोंगऱ्यांनी महाप्रसादचा ठावठिकाणा काढून ठेवला होता. "घर तेच आहे. माणूस बी आहे. तब्येत मात्र बरी नाही म्हणते," ते म्हणाले. चौकशीतली हकिगत त्यांना ठाऊक नव्हती, मीही सांगितली नाही. ज्या माणसाच्या घरी गोळाभात खायचा, त्याला हे कसं सांगणार?

गोल बाजार

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून सकाळी गोल बाजारात गेलो. इथे कापडाची गल्ली, भांड्यांची गल्ली, पूजेच्या सामानाची गल्ली असं सगळं एकाला एक लागून आहे. आपल्या मिरजेच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाकडे उपकार केल्यासारखा बघतो. इथे "आओ भैया, बइठो" म्हणून आधी गादीवर बसवतात. मी धोतरजोडी, साडी आणि नारळ घ्यायला गेलो होतो. धोतर बघताना दुकानदाराने सहज विचारलं, "किसके लिए?"

दोस्त म्हणावं तर तो शब्द हलका. मितान म्हणावं तर कुठल्या तोंडाने? शेवटी "एक पहचानवाले हैं" म्हणालो. दुकानदाराने एक स्वस्तातली जोडी पुढे सरकवली. ओळखीच्या माणसाला एवढंच पुरे, असा त्याचा हिशोब असावा. मला त्याचा राग आला आणि मी चांगल्यातली जोडी मागून घेतली.

भनपुरी

भनपुरी म्हणजे रायपूरच्या उत्तरेचं टोक. ट्रकांचे अड्डे, टायरची दुकानं, गोदामं, आणि सगळ्यावर एक काळसर थर. त्यामागे जुन्या गावाचा पारा अजून टिकून आहे. पारा म्हणजे आळी. घरांना निळा चुना, दारात तुळस, भिंतीला टेकवलेल्या सायकली. मला वाट आठवत होती. पायांनी मात्र जायला नको म्हणून कांगावा चालवला होता.

दार एका पंचविशीतल्या बाईने उघडलं. ती त्याची सून. डोंगरे आणि मी, दोन म्हातारे, हातात पिशव्या. तिला आम्ही काहीतरी विकायला आलोय असं वाटलं असणार.

"कोन?"

मी मनाशी ठरवून आलो होतो, की तो स्वतः म्हणेपर्यंत आपण त्या नात्याचं नाव काढायचं नाही. ज्याने मोडलं त्याने कुठल्या हक्काने सांगायचं? म्हणून मी म्हणालो, "शिंत्रे. मोहन शिंत्रे. महाराष्ट्र से आया हूँ, मिरज से."

तिने मान हलवली. "ए नाव के तो कोनो ला नइ जानन."

डोंगरे मदतीला आले. "अरे दीदी, साथ में काम करते थे, सिलतरा में."

कारखान्याचं नाव निघताच तिचा चेहरा बंद झाला. "बाबू बीमार हे. काकरो संग नइ मिलय." सासरे आजारी आहेत, कुणाला भेटत नाहीत, एवढं सांगून ती दार लोटायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या घरात माझं नाव कुणी कधी उच्चारलेलंच नव्हतं. त्यांच्या नियमाप्रमाणे ते उच्चारायचं नव्हतंच. शिंत्रे नावाचा माणूस या घराला माहीतच नव्हता. आत जायचं तर एकच शब्द होता, आणि मी तो गमावलाय असं सत्तावीस वर्षं धरून चाललो होतो.

"मैं..." मी हातातली पिशवी खाली ठेवली. "मैं महापरसाद हूँ."

ती क्षणभर बघत राहिली. मग डोक्यावर पदर ओढला, वाकून माझ्या पाया पडली आणि आत सासूला हाक मारली, "दाई! महापरसाद आए हे!"

लगेच काशाच्या लोट्यातून पाणी आलं. आलेल्या माणसापुढे पाण्याचा लोटा ठेवायचा ही इथली पद्धत. आपल्याकडे तांब्याभांडं देतात तसंच, पण इथे लोटा पायांपाशी ठेवतात, आधी पाय धुवायचे. मी पाय धुतले. अर्धं पाणी डोंगऱ्यांच्या चपलांवर गेलं.

आत खाटेवर तो होता. मला आठवत होता त्याच्या निम्माच उरला होता. उजवी बाजू लुळी, तोंड किंचित वाकडं, गालावर आठ-दहा दिवसांची पांढरी दाढी. सून हळूच म्हणाली, "दू बछर होगे. लकवा. बाबू गोठिया नइ सकय."

त्याला बोलता येत नव्हतं. दोन वर्षांपासून एक शब्द नाही. मी जे ऐकायला आलो होतो ते कधीच ऐकू येणार नव्हतं. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. खरं सांगतो, मला त्याच्या आजारापेक्षा त्या क्षणी याचंच दुःख जास्त झालं. माणूस किती स्वार्थी असतो हे असं कळतं.

त्याची बायको आतून आली. तिला मितानिन म्हणायचं. मी पूर्वी पाहिली तेव्हा ती खळखळून हसणारी मुलगी होती. आता केस पांढरे, मान ताठ. तिने नमस्कार केला नाही. खाटेशी वाकून नवऱ्याच्या कानात म्हणाली, "महापरसाद आए हे."

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. ओळख पटली, यात मला शंका नाही. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी तासभर बसलो. त्याने मान वळवली नाही. मितानिनने आम्हाला तांदळाच्या पिठाचा चीला वाढला. ते आपलं धिरडंच, पण पांढरंशुभ्र आणि मऊ. सोबत विस्तवावर भाजलेल्या टोमॅटोची चटणी. ताटली तिने जरा आदळूनच ठेवली. डोंगरे मिटक्या मारत खात होते. मी घास गिळत होतो आणि हिला माहीत आहे की नाही, याचा अंदाज घेत होतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

परतताना डोंगरे म्हणाले, "आजारी माणसाचं मनावर घेऊ नका भाऊ. त्यायले काय समजते आता." त्याला सगळं समजत होतं. भिंतीकडे बघण्याची त्याची ती रीत मी आधीही एकदा पाहिली होती.

देवळात

संध्याकाळी मी एकटाच जगन्नाथाच्या देवळात गेलो. पुरानी बस्तीतलं हे जुनं देऊळ डोंगऱ्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. आम्ही मितान झालो ते इथेच.

आरतीला अजून वेळ होता. दोन-तीन बायका वाती वळत बसल्या होत्या. मी खांबाला टेकून बसलो. मोठ्या डोळ्यांची तिन्ही भावंडं, जगन्नाथ, त्याचा भाऊ आणि बहीण, समोर. आपला विठोबा कसा घरातल्या माणसासारखा वाटतो, कटीवर हात ठेवून आपलं ऐकून घेणारा. हे डोळे मात्र मिटतच नाहीत. मला ते सहन होईना.

काय मागावं तेच कळेना. ऑपरेशन नीट होऊ दे म्हणावं, तर त्या फिटरची तीन बोटं आठवत. क्षमा कर म्हणावं, तर क्षमा करायची ज्याने, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याच्या वाटची क्षमा देवाने परस्पर देऊन टाकावी, हे तर मलाही पटत नव्हतं. बायको असती तर म्हणाली असती, नुसता नमस्कार तरी करा. मी नुसता नमस्कार केला. मला फार एकटं वाटलं. मिरजेच्या रिकाम्या घरात वाटतं त्याहूनही जास्त, कारण तिथे निदान कोणी बघत नसतं.

तरी एक गोष्ट झाली. उठताना पुजाऱ्याने हातावर प्रसाद ठेवला आणि मी सवयीने तो तोंडात टाकला. मागे वळून बघितलं तर ते डोळे तसेच उघडे. मनात आलं, त्या दिवशी आपण दोघंच नव्हतो. हाही होता. मी माझ्या बाजूने मोडलं खरं, पण तिसऱ्याने सोडलं की नाही हे मी विचारलंच नाही. एवढ्याशा विचाराने काही धीर आला असं नाही. पण दुसऱ्या दिवशी परत जायचं ठरलं.

परत भनपुरी

दुसऱ्या दिवशी डोंगऱ्यांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, म्हणून मी एकटाच निघालो आणि हात दाखवून अवलक्षण केलं. रिक्षावाल्याला मोठ्या ऐटीत "मला रस्ता माहीत आहे" सांगितलं आणि भलत्याच चौकात उतरलो. चहूकडे ट्रक. एकाने मागे येताना असा धुरळा उडवला की माझा पांढरा सदरा करडा झाला. उन्हात अर्धा मैल चाललो आणि छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं झालं. पंक्चरच्या दुकानापुढे एक जुना टायर पडला होता, त्यावर बसलो. जिभेखालची गोळी घेतली.

त्या टायरवरची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. इथे आपण मेलो तर खिशातल्या आधार कार्डावरून पोलीस मिरजेला फोन लावतील आणि तिथे उचलायला कोणी नसेल, हे मला अगदी स्वच्छ दिसलं. मला मरणाची भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त भीती ही वाटत होती, की जिथे सांगायला आलो त्या दाराच्या अलीकडेच मरेन. दुकानातल्या माणसाने न विचारता पाण्याची बाटली आणून दिली. गोळीने आराम पडला. रस्ता विचारत विचारत मी घरी पोचलो.

मितानिन एकटीच होती, सुपात तांदूळ पाखडत. तो आत खाटेवर, कालच्यासारखाच भिंतीकडे. मी ओसरीवर न बसता थेट त्याच्या खाटेजवळ जमिनीवर बसलो, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागलो आणि न थांबता सगळं सांगितलं. फोन मी केला होता. माणूस हटलाय असं मी खोटं सांगितलं. दोष मी याच्यावर ढकलला. याचं नाव मी कागदावर लिहिलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. चारचौघांत मी बायको गेली तेव्हाही रडलो नव्हतो.

सुपाचा आवाज थांबला होता. मितानिन म्हणाली, "जानथौं."

मला माहीत आहे. इतकंच. मग सूप बाजूला ठेवून तिने मला सुनावलं. नोकरी गेल्यावर हा तेरा वर्षं ट्रकांवर माल चढवत होता, पाठ गेली ती तिथेच. मोठ्या मुलीचं शिक्षण सुटलं. कारखान्याच्या गेटवर ओळखीची माणसं तोंड चुकवायची. एकेक गोष्ट ती सांगत गेली आणि मी मान खाली घालून ऐकत गेलो. ती थांबल्यावर, इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं, स्वतःचा बचाव म्हणूनच खरं तर, मी विचारलं, की माझं नाव घ्यायचं नव्हतं तर 'सुपरवायझर साहेब' एवढं तरी याने का सांगितलं नाही?

"महूं इही कहेंव, 'साहब' कहि दे," ती म्हणाली. "त कहिस, साहब कोन ए? महापरसाद ए."

मीही तेच म्हणाले होते त्याला, साहेब म्हणून टाक. तर म्हणाला, साहेब कोण? महापरसाद आहे तो.

जरा वेळाने मी उठायला लागलो. म्हटलं, येतो, मी इथे येऊ नये हेच बरं.

"बइठव," ती ताडकन म्हणाली. "कहाँ जाथव? रिस मोर ए. मितानी भगवान के ए. दूनो ला झन मिंझारव."

राग माझा आहे. मितानी देवाची आहे. दोन्हींची भेसळ करू नका. हे तिने समजूत काढायला म्हटलं नाही. तांदळातले खडे वेगळे काढतात तसं तिने ते काढून दाखवलं. माझ्यावर रागावायचा तिला हक्क होता आणि तो ती सोडणार नव्हती. पण जे देवासमोर झालं ते तोडणं तिच्या हातात नव्हतं, तिच्या नवऱ्याच्याही नाही, आणि मी सत्तावीस वर्षं ज्या अपराधाखाली वाकलो होतो तो करूनही, माझ्याही हातात नव्हतं. तिच्या बोलण्यात यात कुठे शंकाच नव्हती. इतकी ठाम श्रद्धा मी जवळून पहिल्यांदाच बघत होतो, आणि ती माझ्यावर रागावलेल्या माणसाच्या तोंडून ऐकत होतो.

मग तिने आतून एक वाटी, साबण आणि दाढीचं सामान आणून माझ्यापुढे ठेवलं. मुलगा कामावरून उशिरा येतो, तो दाढी करतो पण कापतो, तुम्ही करा, असं म्हणून ती परत तांदूळ पाखडायला बसली.

आयुष्यभर मी वायरी सोलल्या, दुसऱ्याची दाढी कधी केली नव्हती. त्याचा जो गाल वर होता त्याला साबण लावला. हाडावर कातडी इतकी सैल होती की एका हाताने ताणून धरावी लागत होती. त्याने डोळे मिटून घेतले होते. विरोध केला नाही, साथही दिली नाही. एक बाजू झाली. रेझर वाटीत खळबळला. आता दुसरा गाल, आणि तो भिंतीच्या बाजूला.

त्याचं डोकं धरून वळवणं मला सहज जमलं असतं. परिचारिका करतात तसंच. पण माझा हात पुढे होईना. मी नुसता म्हणालो, "महापरसाद, दूसरा गाल."

आणि थांबलो. वाटीतला फेस विरायला लागला. बाहेर सुपाचा आवाज चालू होता, ट्रक जात होते. मी मनात काही मागितलं नाही. फक्त थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग त्याने उशीवर डोकं घासत घासत, मोठ्या कष्टाने, तोंड माझ्याकडे केलं.

डोळ्यांत माया होती की राग, हे मी सांगू शकत नाही. वाकड्या झालेल्या चेहऱ्यावरून तसलं काही वाचता येत नाही, आणि मी आता आपल्याला हवं ते वाचणार नाही. पण तो बघत होता. मी दाढी पूर्ण केली. दोन ठिकाणी कापलं. मितानिन येऊन म्हणाली, बेटा बरा करतो.

निघताना तिने माझ्या छातीकडे बोट दाखवून विचारलं, मघापासून हात का ठेवताय? मी ऑपरेशनचं सांगितलं. तिने तारीख विचारली, वार विचारला, तेवढ्यात बाहेरून आलेल्या सुनेकडून कॅलेंडरवर खूण करून घेतली. घरी कोण आहे तेही विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर तिने सहानुभूतीचं अक्षरही काढलं नाही. "ओ दिन मैं उपास रइहूं," एवढं म्हणाली आणि लोटा उचलून आत गेली.

मिरज

येऊन आठ दिवस झाले. डोंगऱ्यांचा रोज फोन येतो, गोळ्या घेतल्या का म्हणून. मी बॅग भरून ठेवली आहे आणि किल्ल्या समोरच्या घरात देणार आहे.

मी भाविक झालो असं म्हणणार नाही. संध्याकाळी दिवा लावतो, बायको लावायची तिथेच, आणि हात जोडले की आता काय बोलावं हा प्रश्न पडत नाही. फिटरची बोटं परत येणार नाहीत, महाप्रसादची तेरा वर्षंही नाहीत. मला क्षमा मिळाली की नाही हेही मला माहीत नाही. बहुधा कळणारही नाही. भीती आहेच, झोप उडते.

पण येत्या बुधवारी सकाळी मला आत नेतील तेव्हा बाहेरच्या बाकावर माझं कोणी नसलं, तरी भनपुरीत एक बाई माझ्यासाठी उपाशी असेल, आणि ती माझ्यावर अजून रागावलेलीच असेल.